शिल्लक तीनशे चाळीस

एकतीस वर्षं सांगली-जत गाडीवर तिकिटं फाडली,
म्हणून मला खजिनदार केलं.
आवटी सर म्हणाले, विचार आम्ही करतो,
सुट्टे पैसे तुम्ही सांभाळा.

निधी म्हणजे काय, तर लिंबाजी ऐवळेचा फंड.
सूतगिरणी बंद पडल्यावर अकरा वर्षांनी हातात पडलेला.
अर्धा त्यानं पोरांना दिला,
अर्धा ‘समाजवादी अभ्यासाला’,
असं कोऱ्या कागदावर लिहून ठेवलं,
वादीची वेलांटी ऱ्हस्व.
त्याच्या व्याजात वर्षाला दोन अनुदानं बसतात,
ओढूनताणून तीन.
खणभागात सायकलच्या दुकानावर आमची खोली.
खाली पंक्चर, वर क्रांती,
असं मेहबूब गिऱ्हाइकांना सांगतो.

यंदा अर्ज सात.
एकाला जागतिक भांडवलाची चिकित्सा करायची होती,
नव्वद हजारांत.
सर भारावले.
मी म्हटलं, आपली गाडी तिथवर जात नाही.

एक अर्ज वहीच्या पानावर, पाठपोट.
मेहजबीन नदाफ, बी.ए. दुसरं वर्ष, राहणार हरिपूर.
मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या बायकांना
नेमकी किती मजुरी पडते ते बघायचंय,
आणि ते त्यांचं त्यांना मोजता यावं
म्हणून संध्याकाळचा वर्ग.
मागणी नऊ हजार.
यात सिद्धांत कुठाय, सरांनी विचारलं.
मी काहीच बोललो नाही.
चष्मा पुसला, आणि चेकबुक काढलं.

आठ महिन्यांनी ती हिशेब घेऊन आली.
पाकिटावर पिवळे अंगठे.
वजनकाटा जुना, अठराशे. फळा. खडू.
वह्या बेचाळीस.
बायका एकोणतीस, मग तेरा वह्या कुणाच्या?
‘पोरी येतात की आयांबरोबर.’
एसटीची तिकिटं तारखेवार चिकटवलेली,
मी नंबर तपासले. जात नाही सवय.
चहा, शून्य.
आठ महिने, आणि चहा शून्य?
‘त्यांनीच पाजला, रोज एकीनं.
बयाक्का म्हणाली, तू शिकिवतीस,
आमी काय फुकट शिकायचं व्हय?’

अहवाल चार पानी.
शेवटच्या पानावर एवढंच,
की मजुरी पोत्यामागे ठरते,
दहा वर्षांत ती चारदा वाढली,
आणि पोतं पाचदा.

हे कुणी लपवलं नव्हतं.
रोज डोक्यावर होतं.
पोत्याचं तोंड शिवल्यालं असतंय, बयाक्का वर्गात म्हणाली,
आणि दुसऱ्या दिवशी तिनं पहिलं पोतं
आमच्या अठराशेच्या काट्यावर ठेवलं.
बारा किलो जास्त.
एकोणतीस जणी खाली बसल्या.
दुपारपर्यंत यार्डात कुणी खोकलंसुद्धा नाही,
आणि हळदीच्या धुळीत हे सोपं नसतं.

मग अडत्याच्या माणसानं काटा उचलून आपटला.

छापील तक्त्यात एक रकाना आहे,
‘अनुदानातून घेतलेल्या वस्तूची सद्यस्थिती’.
मेहजबीननं तो कोरा ठेवला होता.
काय लिहू, काका?
मीही पेन धरून बसलो.
वाकला, असं लिहिलं तर खोटं नाही.
कामी आला, असं लिहिलं तर तेही नाही.

तिनं उरलेले तीनशे चाळीस टेबलावर मोजले,
चाळीस सुट्टे.
मी पावती फाडली.
ती गेल्यावर पैसे तसेच मुठीत घेऊन
जिना उतरलो.
मेहबूब कुणाचं तरी हँडल सरळ करत होता.
म्हटलं, काट्याची दांडी वाकलीय, जमेल?
तो म्हणाला, किती किलो पेलायला पाहिजे तिनं?

मी जिन्याच्या पायरीवर टेकलो.
म्हटलं, जरा जाडच बसव.
पोतं अजून किती वाढेल,
सांगता येत नाही.